गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आधी तोंड दाखवा

पत्र: माझं वय 44. साडेतीन वर्षं डायलिसिसवर काढली, मग 2018 मध्ये आईची किडनी बसवली. आई आता 67 वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे. माझं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) 1.2 असतं. टॅक्रोलिमस सकाळी दीड आणि रात्री एक मिलिग्रॅम, मायकोफेनोलेट सोडियम 360 दोन वेळा आणि प्रेडनिसोलोन 5, एवढ्या किडनी टिकवायच्या गोळ्या चालू आहेत. डायलिसिसपासून ओळखीचा असलेला, नंतर ट्रान्सप्लांट झालेला एक मुलगा दोन महिन्यांपूर्वी गाठींच्या कॅन्सरने गेला. गोळ्यांनीच झालं, असं त्याच्या घरचे म्हणतात. तेव्हापासून मला झोप लागत नाही. वीस दिवस झाले, मायकोफेनोलेटची रात्रीची गोळी मी घेत नाहीये. घरात कुणाला सांगितलेलं नाही. दीर गुळवेलीचा काढा आणून देतात, तो रोज घेते. जवळच्या लॅबमध्ये कॅन्सरचं रक्ततपासणीचं पॅकेज आहे, ते करू का? दरवर्षी अख्ख्या अंगाचा पेट स्कॅन करावा का? आईच्या किडनीतून काही आलं असेल का? बाकी त्रास काही नाही. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीजवळ एक पांढरट चट्टा बरेच महिने आहे, पण दुखत नाही. मिश्री लावते, त्याने असेल.
(एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा)

ताई, तुमच्या पत्राची सुरुवात आम्ही शेवटून करतो. लॅबचं पॅकेज, पेट स्कॅन, आईची किडनी या सगळ्यांपेक्षा तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिली आहे. गालाच्या आतला चट्टा. मिश्री नेमकी जिथे साठून राहते त्याच खाचेत तो आहे, काही महिने आहे, आणि तुम्ही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर आहात. हा चट्टा या आठवड्यात दाखवायचा आहे. तो कॅन्सरच आहे असं आम्ही म्हणत नाही. असे बरेच चट्टे कॅन्सरचे निघत नाहीत. पण नुसतं बघून हे कुणालाच ठरवता येत नाही, आम्हाला तर नाहीच. आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

दुसरी तातडीची गोष्ट गोळीची. हे पत्र वाचून झालं की ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला किंवा तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फोन करा आणि सरळ सांगा: "वीस दिवस मायकोफेनोलेटची रात्रीची गोळी घेतलेली नाही. गुळवेलीचा काढाही घेते आहे. तोंडात चट्टा आहे." ओरडतील या भीतीने यातलं काही गाळू नका. ही माहिती नसेल तर ते रिपोर्टचा अर्थ चुकीचा लावतील. गोळी कधी आणि कशी सुरू करायची ते त्यांनाच विचारा. राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून एकदम जास्त घेऊ नका. ते बहुधा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल तपासायला सांगतील. कदाचित दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणीही सांगतील.

लेव्हलसाठी रक्त देताना नेहमी होणारी एक चूक सांगून ठेवतो. हे रक्त रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी आणि सकाळच्या गोळीआधी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त. सकाळची गोळी पर्समध्ये ठेवा आणि सुई निघाल्यावर घ्या. सवयीने आठला गोळी घेऊन दहाला रक्त दिलं, तर लेव्हल खोटी जास्त येते. डॉक्टर ती बघून डोस कमी करतात आणि पुढच्या महिन्यात क्रिएटिनिन चढतं. लॅबमधल्या मुलाला यातलं काही माहीत नसतं, तेव्हा घड्याळ तुम्हीच सांभाळायचं. जुलाब चालू असतील तेही सांगा. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते.

आता ज्या भीतीने तुम्ही गोळी बंद केली त्या भीतीकडे येऊ. ती खोटी नाही. किडनी बदललेल्या माणसाला कॅन्सरचा एकूण धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा साधारण दोन ते तीन पट असतो. आपल्या पेशींत बिघाड रोजच होत असतो, आणि अशा बिघडलेल्या पेशी हेरून मारण्याचं काम प्रतिकारशक्ती करते. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट तिचे हात बांधतात, कारण ते मोकळे सोडले तर ती नव्या किडनीवरच तुटून पडेल. शिवाय काही विषाणू आपल्या अंगात वर्षानुवर्षं झोपून असतात. पहारा ढिला पडला की ते जागे होतात. एप्स्टाइन-बार विषाणूतून लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर), एचपीव्हीतून गर्भाशयमुखाचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर, हिपॅटायटिस बी आणि सी मधून यकृताचा, आणि एचएचव्ही-8 मधून कापोसी सार्कोमा (त्वचेवर डाग येणारा एक कॅन्सर). म्हणून धोका सगळ्या कॅन्सरचा सारखा वाढत नाही. ज्यांच्यामागे विषाणू आहे त्यांचा तो सगळ्यात जास्त वाढतो. स्तनाचा कॅन्सर मात्र इतर बायकांइतकाच आढळतो.

"तीन पट" या शब्दाने घाबरून जाऊ नका, आधी कशाच्या तीन पट ते बघा. समजा एखाद्या वयात वर्षाला हजारात दोघींना कॅन्सर होतो. तीन पट म्हणजे हजारात सहा, आणि उरलेल्या 994 जणींना त्या वर्षी होत नाही. तुमच्या ओळखीच्या मुलाला झाला तो गाठींचा आजार, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतरचा लिम्फोमा, किडनी बदललेल्या प्रौढांत शंभरात साधारण एक-दोघांना होतो. पहिल्या वर्षी त्याचा धोका सर्वाधिक असतो. तो विशेषतः अशांना होतो ज्यांना आधी एप्स्टाइन-बारचा संसर्ग झालेला नसतो आणि मग हा विषाणू दात्याच्या किडनीतून येतो. म्हणून लहान मुलांत त्याचं प्रमाण जास्त. आपल्याकडे बहुतेकांना हा संसर्ग बालपणीच होऊन गेलेला असतो. तुमचं पहिलं वर्ष उलटूनही बराच काळ झाला आहे. धोका शून्यावर आलेला नाही, पण त्या मुलाचं नशीब तुमच्या कपाळी लिहिलेलं आहे असं समजू नका.

आता गोळीचा हिशोब. मायकोफेनोलेट सोडियमचा सुरुवातीचा नेहमीचा डोस दिवसाला 1440 मिलिग्रॅम असतो. तुमचा आज 720 आहे. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी तो आधीच निम्म्यावर आणला आहे, आणि कॅन्सर हे त्यामागचं एक कारण असतंच. तुम्ही गुपचूप त्याचाही निम्मा केलात, म्हणजे मूळ डोसचा पाव भाग उरला. टॅक्रोलिमसचंही तसंच असतं. पहिल्या काही महिन्यांत लेव्हल 8 ते 12 च्या आसपास ठेवतात, मग हळूहळू 5 ते 8 वर आणतात. किती खाली जाता येईल हे दाता कोण, जुळणी किती, आधी रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) झालं होतं का, यावर ठरतं. तो हिशोब घरात बसून करता येत नाही.

कॅन्सरच्या भीतीने गोळी सोडणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. गोळी चुकत राहिली की शरीर किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, आणि हे गुपचूप चालतं. ना ताप, ना सूज. क्रिएटिनिन वाढतं तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं. मग रिजेक्शन थोपवायला तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन द्यावं लागतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर एटीजी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी मारणारं जोरकस इंजेक्शन. हे एटीजी प्रतिकारशक्तीला तुमच्या रात्रीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त झोपवतं, आणि त्याने लिम्फोमाचा धोका वाढतो. म्हणजे ज्याच्या भीतीने गोळी टाकली, तेच फिरून जास्त जोराने अंगावर येतं. किडनी गेलीच तर पुन्हा डायलिसिस. तिथेही कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो.

गोळ्यांतून येणारा धोका तुमच्या हातात नाही, तो डॉक्टरांच्या हातात आहे. तुमच्या हातात जे आहे ते मिश्रीच्या डबीत आहे. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. दात घासायची म्हणून ती औषध ठरत नाही. ती हिरडीला लावून वीस-वीस मिनिटं तोंडात धरली जाते आणि दिवसातून दोन-तीनदा तेच. ज्या माणसाची दुरुस्ती करणारी यंत्रणा मुद्दाम मंद ठेवलेली आहे, त्याच्या गालाला हा रोजचा चटका फार महाग पडतो. गुटखा, मावा, खर्रा आणि नुसती सुपारीही याच पंगतीतली. सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी आहे, तंबाखू नसली तरी.

मिश्री सोडताना पहिला आठवडा अवघड जातो. चिडचिड होते, पोट साफ होत नाही, दात शिवशिवतात. घरात डबी ठेवून "कमी करते" म्हणणाऱ्यांची ती बहुधा परत सुरू होते. एक दिवस ठरवा आणि डबी घराबाहेर काढा. सरकारची मोफत क्विटलाइन 1800-11-2356 वर आहे, तिथे बोलून घ्या. निकोटिनचा च्युइंगगम घ्यायचा असेल तर नेफ्रॉलॉजिस्टना विचारून. सकाळी तलफ येते ती दात घासण्याच्या वेळी, म्हणून तेवढ्यापुरती जागा बदला. मोरीऐवजी बेसिनला उभं राहा आणि साधी पेस्ट आणि मऊ ब्रश वापरा.

चट्टा कुठे दाखवायचा? सांगलीत दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या ओरल मेडिसिन विभागात किंवा ओरल सर्जनकडे जा. कान-नाक-घसा तज्ज्ञही चालतील. ते आधी कापसाने चट्टा पुसून बघतील. दह्याच्या सायीसारखा निघून आला आणि खाली लालसर दिसलं, तर ती बुरशी असते. ट्रान्सप्लांटच्या माणसांत ती वरचेवर होते. पुसून न निघणारा पांढरा चट्टा बहुधा ल्युकोप्लाकिया (पुढे कॅन्सर होऊ शकणारा चट्टा) असतो, आणि त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, म्हणजे बायोप्सी. पांढऱ्यात लाल मखमली डाग मिसळलेला असेल, जागा कडक लागत असेल किंवा मधे व्रण असेल, तर थांबायचंच नाही. बायोप्सी जागा बधिर करून होते आणि पाच-दहा मिनिटांत आटपते. "आधी महिनाभर मलम लावून बघू" असं कुणी म्हणालं तर त्यांना स्पष्ट सांगा, "मी किडनी ट्रान्सप्लांटची पेशंट आहे आणि हा चट्टा कित्येक महिने आहे." दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली कुठलीही जखम बायोप्सीच्या लायकीची धरावी. मायकोफेनोलेटनेही तोंडात व्रण येतात, त्यामुळे गोंधळ होतो. पण औषधाचे व्रण दुखतात, भरतात आणि दुसरीकडे उगवतात. एकाच जागी ठाण मांडून बसणारा वेगळा.

दातांच्या दवाखान्यात आणखी तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. दुखू नये म्हणून किटोरोलॅक, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी सहज हातात पडते. तुम्हाला यातली एकही नको, किडनीला बाधते. पॅरासिटामॉल चालतं. अँटिबायोटिक लागलंच तर एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन टाळायला सांगा, कारण त्यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल वर जाते. बुरशी निघाली तर फ्लुकोनॅझोलनेही ती चढते, आणि चघळायच्या क्लोट्रिमॅझोलनेही. ते घ्यावं लागलंच तर नेफ्रॉलॉजिस्टना कळवून, लेव्हल मोजत. आणि ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती बायोप्सीआधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

पुढच्या काळासाठी महिन्यातून एकदा तोंड घरीच बघायचं. पाच मिनिटं पुरतात. चूळ भरून खिडकीच्या उजेडात आरसा घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा. खालचा ओठ उलटा करून आतून बघा, मग वरचा. दोन बोटांनी गाल बाहेर ओढून हिरडी आणि गालामधली खाच शेवटच्या दाढेपर्यंत बघा. जीभ स्वच्छ फडक्यात धरून डावीकडे आणि उजवीकडे ओढा आणि कडा बघा. कडांवरचंच सगळ्यात जास्त सुटून जातं. जीभ टाळूला लावून खालची बाजू बघा आणि बोट फिरवून गाठ चाचपा. शेवटी आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल कातड्यासारखा ताठ लागत असेल, तर तो सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंड आखडत जाणारा आजार, असू शकतो. त्यासाठीही दाखवायचं.

आता बाकीच्या अंगाकडे येऊ. त्यात जे महत्त्वाचं तेवढंच.

गर्भाशयमुखाची तपासणी, म्हणजे पॅप स्मिअर, तुम्ही सात वर्षांत केली का, हे पत्रात नाही. नसेल केली, असा आमचा अंदाज. ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत क्रिएटिनिनची चर्चा दर वेळी होते, याची कुणी काढत नाही. नेफ्रॉलॉजिस्टला वाटतं स्त्रीरोगतज्ज्ञ बघत असतील, आणि पाळीची तक्रार नसेल तर बाई तिकडे जातच नाही. गोळ्या घेणाऱ्या बाईत एचपीव्ही अंगातून निघून जायला वेळ लागतो आणि पेशींतला बिघाड लवकर पुढे सरकतो. म्हणून इतर बायकांना तीन किंवा पाच वर्षांनी सांगतात ती तपासणी तुम्हाला जास्त वेळा लागते. बरीच केंद्रं दरवर्षी करायला सांगतात. सोबत एचपीव्हीची तपासणी केली तर अंतर वाढवता येतं, ते रिपोर्ट बघून ठरेल. पाळी संपल्यावर जा, आधी दोन दिवस संबंध नको आणि आतून लावायचं औषध नको. तपासताना बाहेरची त्वचा आणि गुदद्वाराभोवतीची जागाही बघायला सांगा. चामखिळी, खाजणारा पांढरट डाग किंवा न भरणारी चीर असेल तर लाजून लपवू नका. ट्रान्सप्लांट व्हायचं आहे अशी तरुण मुलगी किंवा मुलगा घरात असलेल्या वाचकांनी मात्र एचपीव्हीच्या लशीबद्दल ऑपरेशनच्या आधीच विचारावं. ही जिवंत विषाणूची लस नाही, त्यामुळे नंतरही देता येते, पण गोळ्या सुरू झाल्यावर तिचा जोर कमी पडतो. अशा मुलांना सहा महिन्यांत तीन डोस लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 पासून मिळते.

तुमच्या जुन्या दोन्ही किडन्या अजून पोटातच आहेत. हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुन्या सहसा काढत नाहीत. डायलिसिसच्या काळात त्या आक्रसत जातात आणि त्यांत पाण्याच्या गाठी धरतात. अशा गाठींतून किडनीचा कॅन्सर होऊ शकतो, आणि डायलिसिस जितका लांबला तितकी शक्यता जास्त. तुमचा साडेतीन वर्षांचा होता. सोनोग्राफीला जाल तेव्हा फॉर्मवर "नवी आणि जुन्या दोन्ही किडन्या" असं लिहून घ्या. नाहीतर टेबलावर नव्या किडनीवर प्रोब फिरतो आणि रिपोर्टमध्ये जुन्यांची एक ओळ छापली जाते, "आकाराने लहान". गाठी आहेत का, किती मोठ्या, त्यांत घट्ट भाग आहे का, हे रिपोर्टात यायला हवं. आणि न दुखता लाल लघवी एकदा जरी झाली तरी ती इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचे कोर्स करत बसायचं नाही. मूत्रमार्गाची पूर्ण तपासणी करायची. ज्यांना पूर्वी ल्युपससाठी सायक्लोफॉस्फामाइड दिलं होतं, किंवा ज्यांची किडनी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाऊन गेली, त्यांनी तर नक्कीच.

त्वचेबद्दल जालावर वाचाल ते बहुतेक ऑस्ट्रेलिया आणि युरोपातलं असतं. तिथल्या गोऱ्या कातडीच्या पेशंटांत त्वचेचा कॅन्सर ट्रान्सप्लांटनंतर कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे त्वचेचे कमी आणि लिम्फोमा व तोंडाचे जास्त दिसतात. सावळ्या कातडीत तो झालाच तर उन्हाखालच्या भागापुरता राहत नाही, पाय, गुप्तांग किंवा जुन्या भाजलेल्या व्रणावरही होतो. शेतात जाताना पूर्ण बाह्या, डोक्यावर पदर किंवा टोपी आणि 30 किंवा त्याहून जास्त एसपीएफचं क्रीम एवढं पुरे. काही आठवड्यांत वाढणारी खरखरीत, जाड, रक्त येणारी गाठ मात्र दाखवायची. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यांनी उन्हाची जास्त काळजी घ्यावी, त्या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. तुम्हाला ते नाही.

गाठींच्या आजाराची भीती तुम्हाला आहे, म्हणून त्याची लक्षणं आणि त्यात होणारी आपल्याकडची खास चूक सांगतो. दोन-तीन आठवडे न हटणारा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, मानेत, काखेत किंवा जांघेत वाढणारी गाठ, विनाकारण पोटदुखी किंवा काळी शी. हीच लक्षणं टीबीचीही आहेत, आणि ट्रान्सप्लांटनंतर टीबीही होतो. पेट स्कॅनमध्ये दोन्ही सारखेच चमकतात. मग गावातले डॉक्टर अंदाजाने टीबीचं औषध सुरू करतात. त्यातल्या रिफाम्पिसिनने टॅक्रोलिमस शरीरातून इतकं झपाट्याने बाहेर पडतं की डोस दुपटी-तिपटीने वाढवावा लागतो. कुणी वाढवला नाही तर रिजेक्शन येऊ शकतं, आणि लिम्फोमा असेल तर तो तसाच वाढत राहतो. म्हणून गाठीचा तुकडा हवाच. नुसत्या सुईने पेशी ओढून लिम्फोमाचं निदान सहसा पुरं होत नाही, अख्खी गाठ काढावी किंवा जाड सुईचा तुकडा घ्यावा लागतो. सर्जनला आधीच सांगून ठेवा: अर्धा नमुना फॉर्मेलिनमध्ये, अर्धा सलाइनमध्ये. सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला की टीबीचं कल्चर करता येत नाही आणि पुन्हा कापावं लागतं. लिम्फोमा वेळेत सापडला तर कधी कधी डॉक्टरांनी गोळ्यांचा डोस उतरवल्यावरच तो मागे हटतो. नाहीतर रिटुक्सिमॅब आणि केमोथेरपी असते. हे डोस उतरवणं निदान झाल्यावर आणि दर काही दिवसांनी क्रिएटिनिन मोजत केलेलं असतं, तुम्ही केलंत तसं नव्हे.

पॅकेजचे पैसे वाचवा. त्यात सीईए, सीए-125, सीए 19-9 असे मार्कर, म्हणजे काही कॅन्सरांत रक्तात वाढणारे पदार्थ, मोजतात. ते कॅन्सर झालेल्या माणसाचा पाठपुरावा करायला उपयोगी, धडधाकट माणसात शोधायला नव्हे. सीए-125 टीबीतही वाढतो आणि पाळीतही. सीईए तंबाखूने चढू शकतो. एक आकडा लाल आला की पुढचे दोन महिने स्कॅनच्या रांगेत जातात, आणि सगळे हिरवे आले तर तोंडातला चट्टा विसरायला होतो. पेट स्कॅनही दरवर्षी नको. किरणोत्सर्ग, खर्च आणि प्रत्येक जुन्या टीबीच्या डागावरून नवी धास्ती. त्या पैशात पॅप स्मिअर, सोनोग्राफी, चाळिशीनंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने मॅमोग्राफी आणि पुढे पन्नाशीच्या आसपास शौचातल्या रक्ताची तपासणी सहज बसते. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी डायलिसिसच्या काळात झाली असेल, तो कागद शोधून फाइलला लावा. यातला एखादा असेल तर यकृताची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी लागू शकते.

दिरांचा काढा आजपासून बंद. त्यांना वाईट वाटेल, पण कारण सांगा. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतात, आणि तुमचा सगळा उपचार ती शांत ठेवण्यावर उभा आहे. शिवाय करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्यांत यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. इम्युनिटी बूस्टर लिहिलेली प्रत्येक बाटली तुमच्यासाठी उलट्या कामाची. ईश्वरी या वेलीच्या कुळातल्या काही वनस्पतींत तर किडनी खराब करणारं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करणारं ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं, म्हणून अनोळखी मुळ्यांची पूडही नको. जाता जाता, पपनस खाऊ नका. त्याने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते. संत्री-मोसंबी चालतात.

चट्ट्यात काही निघालंच तर पुढे काय, हेही डोक्यात असेल. पेशी नुसत्या बदलल्या असतील तर चट्टा काढून टाकतात आणि ठरावीक महिन्यांनी बघत राहतात. कॅन्सर असेल आणि लहान असेल, तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार, आणि तो ट्रान्सप्लांटच्या पेशंटवर करता येतो. अशा वेळी नेफ्रॉलॉजिस्ट गोळ्यांची मांडणी बदलू शकतात. काही जणांत सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस वापरतात. त्यांनी जखम भरायला वेळ लागतो आणि तोंडात व्रणही येतात, म्हणून ऑपरेशनच्या आसपास ती सहसा सुरू करत नाहीत. केमो लागली तर सिस्प्लॅटिन किडनीला जड जातं, दुसरे पर्याय आहेत. आणि निव्होलुमॅब, पेंब्रोलिझुमॅबसारखी नवी इम्युनोथेरपी कुणी सुचवली तर आधी किडनीचं विचारा. प्रतिकारशक्तीचे बांधलेले हात ती सोडवते आणि दहातल्या साधारण चौघांत रिजेक्शन येतं. परळच्या टाटा मेमोरियलला जा की जवळच्या केंद्रात, कॅन्सरचे आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलतील एवढं मात्र बघा. दोन वेगळ्या चिठ्ठ्या घेऊन तुम्हीच मधे धावू नका.

राहिली आईंची किडनी. दात्याकडून कॅन्सर येणं फार दुर्मीळ आहे, हजारात एकापेक्षाही कमी. आणि आला तर तो सहसा पहिल्या काही वर्षांत कळतो. सात वर्षांनंतर ती शंका मनातून काढा. किडनी दिल्याने आईंचाही कॅन्सरचा धोका वाढत नाही, त्या तुमच्या गोळ्या घेत नाहीत. त्यांचं रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा बघत राहा. फक्त एक विचारायचं राहिलं: मिश्रीची सवय तुम्हाला कुणाकडून लागली? आईही लावत असतील, तर दंत महाविद्यालयात जाताना एकाऐवजी दोन केसपेपर काढा.